अर्ध्या सेकंदाचा रुसवा

परदेशी गेलेली मुलं फोनवर तुटक बोलतात, विचारलेल्याला चटकन उत्तर देत नाहीत, पूर्वीची माया राहिली नाही, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. त्यावरचा तोडगाही तयार असतो: बॉडी लँग्वेज वाचायला शिका. हाताची घडी म्हणजे मन बंद, नजर चुकवली म्हणजे लपवाछपवी. सोबत तो ठरलेला आकडा, की संवाद ९३ टक्के शब्दांवाचूनच होतो.

आधी हा आकडा निकालात काढू. १९६७ साली मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी केलेल्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा भलतंच, अशा वेळी बोलणाऱ्याच्या मनातली आवडनावड ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढाच प्रश्न होता. त्यापलीकडे हा आकडा लावू नका, असं खुद्द मेहराबियनच सांगत आले. खोटं पकडण्याचंही तेच: २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसं ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. छापा-काट्यापेक्षा जरासं बरं, इतकंच. ९३ टक्के न बोलता कळत असतं, तर इथे डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला आल्या आल्या डॅनिशचा क्लास कुणी लावला असता?

मला वाटतं, हातांच्या घडीपेक्षा बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या हो-नाही प्रश्नांचा हा वेळ मोजला गेला. (मराठी त्यात नव्हती.) सरासरी निघाली सुमारे ०.२ सेकंद. सगळ्यांत घाईची जपानी, ०.००७; सगळ्यांत सावकाश डॅनिश, ०.४७. फरक अर्ध्या सेकंदाच्या आतला. पण कान तेवढाही टिपतो, कारण होकार झटकन येतो आणि नकार आधी जरा घुटमळतो. प्रश्नानंतरची शांतता जसजशी लांबते, तसतशी समोरच्याची तयारी नाही असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं. हे इंग्रजी, इटालियन आणि जपानी ऐकणाऱ्यांवर तपासून झालंय.

दुसरी गोष्ट हुंकाराची. गोष्ट सांगणारी आजी ‘हं’ बंद पडला की लगेच विचारते, ‘झोपलास का रे?’ आपल्याकडे ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हं’, ‘हो ना’, ‘च्च्’ करत राहायचं असतं. डॅनिश माणूस पुष्कळदा ‘या’ हा होकार श्वास आत ओढत देतो. मराठी कानाला तो दचकल्यासारखा वाटतो. उलट आपला मान डोलावून दिलेला होकार त्याला ‘बघू’सारखा दिसतो.

आता हे सगळं व्हिडिओ कॉलवर घाला. लाइनचाच उशीर अर्धा सेकंद असला, की आईच्या ‘येशील ना दिवाळीला?’नंतर पडणारी शांतता नकारासारखी ऐकू येते, मुलानं तिथे क्षणात ‘हो’ म्हटलेलं असलं तरी. २०१४ च्या एका जर्मन अभ्यासात हेच दिसलं: उशीर लाइनचा, पण लोक तो माणसाच्या स्वभावावर ढकलतात.

हा उशीर घरच्या घरी मोजता येतो. एकानं १ म्हणायचं, दुसऱ्यानं २, असं आळीपाळीनं २० पर्यंत; वेळ १ म्हणणाऱ्यानं मोजायचा. आधी एकाच खोलीत, त्याच वेगात; मग कॉलवर. खोलीत १२ सेकंद आणि कॉलवर १८ लागले, तर जादाच्या ६ ला १० ने भागा, कारण आवाजाच्या जा-ये अशा दहा फेऱ्या होतात: प्रत्येक उत्तराआधी ०.६ सेकंद फुकटची शांतता. ब्लूटूथचे इअरफोन त्यात आणखी भर घालतात, म्हणून वायरचे बरे.

लाउडस्पीकरवर वेगळीच गंमत. प्रतिध्वनी येऊ नये म्हणून फोन बऱ्याचदा एका बाजूचा आवाज दाबतो, त्यामुळे इकडून प्रेमानं दिलेला ‘हं’ तिकडच्या बाबांचं वाक्य मधेच कापतो. बाबांना वाटतं, पोरगं बोलू देत नाही. तिथे तोंडानं हुंकार नको, मान हलवा. पण ती दिसायला तर हवी! फोन हातात धरला की आजोबांचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांब ठेवा, म्हणजे खांदे आणि हातही चौकटीत येतात. समोरच्याची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवली की नजर चुकवल्याचा आरोपही बराचसा टळतो.

आणि दिवाळीचा प्रश्न सगळं घर फोनभोवती जमलेलं असताना विचारू नये. तो आदल्या दिवशी लिहून पाठवावा, उत्तर आलं की मग कॉल लावावा.