कोळपं हाकणाऱ्याला बीपी का होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. राग आला, झोपलो, सकाळी फिरून आल्यावर पुन्हा वाचली आणि राग गेला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही गंगाखेडकडचे. वडील ६१ वर्षांचे, पहाटे आखाड्यावर जातात ते दिवस मावळल्यावर घरी येतात, तरी बीपी १६४/९८. "व्यायामानं बीपी उतरत असतं तर शेतकऱ्याला ते झालंच नसतं. तुमचं फिरणं पेन्शनवाल्यांसाठी," असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी, जाता जाता सांगावं तसं, की माझा लेख वाचून बाबांनी दहा दिवसांपासून गोळी बंद केली आहे.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. बाबांना आजच डॉक्टरांकडे न्या, बीपी मोजा आणि गोळी पुन्हा चालू करून घ्या. चूक माझी आहे. 'चाला आणि गोळी सोडा' हे शीर्षक सुचलं तेव्हा मीच त्यावर खूश झालो होतो. आत कुठंतरी 'डॉक्टरांना विचारून' असं होतं, पण तिथवर कोण वाचतं? बीपी असलेला माणूस नियमित भरभर चालला तर त्याचं वरचं बीपी साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतं. १६४ मधून ८ गेले, १५६ उरले. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसानं एवढी वजाबाकी लेखात मांडायला हवी होती. चालणं गोळीच्या जोडीला असतं. पुढं बीपी आटोक्यात राहिलं आणि डॉक्टरांनी डोस कमी केला, तर उत्तमच.

आता तुमचा मूळ प्रश्न. कष्ट आणि व्यायाम एकच का नाहीत? हा प्रश्न अभ्यासकांनाही पडलेला आहे. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांचा सुमारे १० वर्षं मागोवा घेतला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला, पण कामावर जड कष्ट करणाऱ्यांना उलट जास्त. डेन्मार्कचा कामगार म्हणजे आपला कोरडवाहू शेतकरी नव्हे, हे मलाही कळतं. पण त्यामागची जी कारणं सांगितली जातात, ती वाचताना मला आपलंच शिवार दिसलं.

चालताना बीपी थोडं वाढतं. थांबलो की रक्तवाहिन्या सैलावतात आणि पुढचे काही तास ते नेहमीपेक्षा खाली राहतं. रोज असं झालं की काही आठवड्यांत शरीराला तीच सवय लागते. म्हणजे खरा फायदा नंतरच्या विसाव्यात पदरात पडतो. बाबांना तो विसावा कुठं आहे? १६ लिटरचा फवारणी पंप तासन् तास पाठीवर. वाकून खुरपणी. सोयाबीनचं पोतं दम कोंडून उचललं की तेवढ्यापुरतं बीपी एकदम उसळतं. हे आठ-दहा तास चालतं, पण छाती भरून यावी असा सलग अर्धा तास त्यात क्वचितच येतो. वर रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला उठायचं, म्हणजे झोपही तुकड्या-तुकड्यांची. पाऊस लांबला की जी काळजी लागते, तिचं तर मोजमापच नाही.

आणि न्याहारी? भाकरी, ठेचा, लोणचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ घ्या म्हणते. आपल्याकडं तेवढं एका जेवणात संपत असेल. (घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच, असं आमचे शेजारी ठासून सांगतात. ठेचा सोडायचा नाही, म्हणून.)

मग करायचं काय? पेरणी-काढणीच्या दिवसांत बाबांना 'आणखी चाला' म्हणणारा मी कोण? पण बाकीच्या दिवसांत आखाड्यावर गाडीवरून जाण्याऐवजी हात हलवत, भरभर, अर्धा तास. वेग एवढा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याचे पाच दिवस. मे महिन्यात दिवस उगवायच्या आत. गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हाच्या दिवसांत पाणी किती प्यावं, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरा व्यायाम भिंतीचा. पाठ भिंतीला टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं. दोन मिनिटं बसायचं, मग विसावा, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. २०२३ साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात अशा व्यायामानं वरचं बीपी सरासरी ८ अंकांनी उतरलेलं दिसलं. पोतं उचलणं वाईट मग हे कसं चांगलं, असं तुम्ही विचारालच. इथं श्वास कोंडायचा नाही आणि प्रत्येक वेळी विसावा घ्यायचा. मात्र १६४ असताना हे सुरू करू नका. आधी आकडा खाली येऊ द्या, डॉक्टरांना विचारा.

पेन्शनवाल्याचंही सांगतो. मुलीच्या लग्नात माझं फिरणं तीन आठवडे सुटलं आणि १३४ वर आलेलं बीपी १४६ ला गेलं. कमावलेलं एवढ्या लवकर जातं.

उपकेंद्रावर मोजताना पाच मिनिटं शांत बसवा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. शीर्षक मी आत्ताच बदललं आहे. बाबांची गोळी सुरू झाली का, तेवढं रात्रीपर्यंत कळवा.