श्यामच्या पाठीवरचे वळ

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला आले होते, तेव्हा कोथरूडला नणंदेच्या घरी जेवणे आटोपल्यावर ‘श्यामची आई’वरून वाद पेटला. भाच्याला वाढदिवसाला कोणी तरी ते पुस्तक दिले होते. नणंदेचे म्हणणे असे की, इतकी रडारड आणि मारझोड आजच्या मुलांपुढे ठेवू नये. ठेवायचीच असेल तर ते प्रसंग गाळलेली संक्षिप्त आवृत्ती द्यावी. सासरे या बोलण्याने फार दुखावले. त्यांच्या लेखी ते पुस्तक म्हणजे संस्कारांची शिदोरी, आणि त्यातल्या एका शब्दालाही कोणी हात लावता कामा नये. मी अकरा वर्षे स्वीडनमध्ये राहते, म्हणून की काय, निवाड्यासाठी दोघांनीही माझ्याकडे पाहिले. त्या वेळी मला नीट बोलता आले नाही.

स्वीडनने १९७९ साली मुलांना मारण्यावर, अगदी घरातही, कायद्याने बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. त्याच्या आदल्या वर्षी इथल्या लाडक्या बाललेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांनी फ्रँकफर्टला शांतता पुरस्कार स्वीकारताना एका वृद्ध बाईने सांगितलेली हकीकत सांगितली होती. त्या बाईने तरुणपणी आपल्या लहान मुलाला शिक्षेसाठी स्वतःच छडी शोधून आणायला बागेत पाठवले. बऱ्याच वेळाने मुलगा रडत परत आला आणि म्हणाला, छडी काही मिळाली नाही, पण हा दगड आणलाय, तो तू मला फेकून मारू शकतेस. आईला एकदम मुलाच्या डोळ्यांनी दिसले, ती त्याला कवटाळून रडली, आणि तो दगड तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवून दिला. ही गोष्ट माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक आहे.

त्याच मुलीला मी या हिवाळ्यात, बाहेर दुपारी चारलाच काळोख होत असताना, रोज एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, याप्रमाणे ‘श्यामची आई’ वाचून दाखवली. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते, विहिरीकडे धाडते आणि तो पोहून आल्यावर त्याला दही वाढते, तो भाग ऐकताना मुलगी ताठ होऊन बसली. आईला पोलिसांनी पकडले नाही का, असे तिने विचारले. मग थोडे थांबून तिने विचारले की, दही दिले म्हणजे आईला वाईट वाटले होते का. नणंदेने सुचवलेल्या आवृत्तीत हे दोन्ही प्रश्न उगवलेच नसते. आणि सासऱ्यांच्या पद्धतीने वाचले असते, तर ते विचारण्याची मुभा तिला मिळाली नसती.

माझ्या मते आपल्याकडे दोन्ही बाजूंना एका गोष्टीचा विसर पडतो, आणि ती म्हणजे साने गुरुजी हे लेखक होते. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म १८९९ सालचा, कोकणातल्या पालगडचा. शिक्षण पुण्यात, बाजीराव रस्त्यावरच्या नूतन मराठी विद्यालयात आणि पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात झाले. अंमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून ते १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, ‘श्यामची आई’चा बहुतेक मजकूर त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. ‘धडपडणारी मुले’, ‘आस्तिक’, ‘क्रांती’ या कादंबऱ्या आज कितीशा घरांत उघडल्या जातात? एका पुस्तकाच्या पूजेत बाकीचे लेखन झाकोळून गेले, याचे मला मनापासून दुःख आहे.

त्या एका पुस्तकातही गाळण्याजोगे असे मला काही दिसत नाही. एका प्रसंगात म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते आणि कोणी शिवायला तयार नसते, तेव्हा आई श्यामला ती उचलून द्यायला पाठवते. मात्र घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. ती आंघोळ आज वाचताना टोचते. पण मोळी उचलणाऱ्या आणि आंघोळही करणाऱ्या त्याच मुलाने मोठेपणी, १९४७ च्या मे महिन्यात, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले आणि ते दार उघडायला लावले. आंघोळीचे वाक्य पुसून टाकले, तर आईच्या अंगणापासून पंढरपूरपर्यंत हा माणूस किती चालला, हे मुलांना कळणार कसे?

स्वीडनमध्ये सारे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. लिंडग्रेन यांची पिप्पी, म्हणजे त्यांच्या पुस्तकातली खट्याळ मुलगी, १९४५ साली आली, तेव्हा मुले बिघडतील म्हणून एका प्राध्यापकांनी वृत्तपत्रातून तिच्यावर झोड उठवली होती. आणि पिप्पीच्या वडिलांसाठी वापरलेला कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द अलीकडच्या आवृत्तीत बदलला गेला, त्यावरूनही इथे कडाक्याचे वाद झाले. एखाद्या वंशाला हिणवणारा शब्द बदलणे मला पटते. आईच्या हातून झालेली चूक पुसणे मात्र पटत नाही, कारण श्यामने ती झाकून ठेवली नाही. आश्रमातल्या मित्रांना त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली.

माझ्या मुलीचा शेवटचा प्रश्न होता की, श्याम मोठा होऊन शिक्षक झाला, तेव्हा तो मुलांना मारायचा का. मी तिला अंमळनेरच्या छात्रालयातले गुरुजी सांगितले, जे मुलांची अंथरुणे गुपचूप घडी करून ठेवत आणि त्यांच्या खोल्या झाडून काढत. तिने तो पोहण्याचा भाग मला पुन्हा वाचायला लावला, आणि दह्याचे वाक्य आले तेव्हा ते तिने माझ्याआधीच म्हटले.