त्याच्या कानात कोण बोलत होतं

भांडुपला ताईचं घर १८० चौरस फुटांचं. चार माणसं, एक पोटमाळा, मधे एक पडदा. रात्री पाणी प्यायला कोण किती वेळा उठलं, हेही ताई सकाळी सांगते. अशा घरात १९ वर्षांच्या मुलाच्या कानात दीड वर्ष कोण काय बोलत होतं, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

कळलं ते गणपतीत. मोदक वळताना माझी लेक नव्या नोकरीचं सांगत होती. भाचा भिंतीला टेकून म्हणाला, "बायकांना सगळं आयतंच मिळतं. मरायला पोरं आहेतच." कुणी सांगितलं रे तुला, असं विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांना माहितीये, मावशी." हे 'सगळे' कोण, त्या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढे महिनाभर दर रविवारी त्याच्या शेजारी बसून त्याचा मोबाइल बघितला. हिसकावून घेतला नाही, तूच दाखव म्हटलं. सुरुवात अगदी साधी होती. पोलीस भरतीत धावण्यात गुण कमी पडले, म्हणून व्यायामाचे व्हिडिओ. मग 'अल्फा' पुरुष, म्हणजे सगळ्यांवर हुकमत गाजवणारा, कसा वागतो. मग मुलींवर विश्वास का ठेवायचा नाही. त्यानंतर एका धर्माची माणसं आपल्या मुलींना कशी 'फसवतात'. प्रत्येक पायरी मागचीपेक्षा वीतभरच पुढची. यातला एकही व्हिडिओ त्याने शोधला नव्हता, ते समोर येत गेले.

ते समोर कसे येतात, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. अतिरेकी ग्रुपांत सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक आमच्याच शिफारशींमुळे तिथे पोचतात, असं फेसबुकच्या २०१६ च्या अंतर्गत पाहणीत निघालं होतं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०२० मध्ये छापलं तेव्हा ते जगाला कळलं. माणूस चिडला की जास्त वेळ बघतो आणि त्या वेळेचेच पैसे होतात. माझ्या भाच्याच्या अपयशावर कुणीतरी कमावत होतं, आणि याचा मला संताप येतो.

हे एका धर्माचं दुखणं नाही. मे २०१४ मध्ये इथून तासाभरावरच्या कल्याणमधली चार मुलं यात्रेकरूंबरोबर इराकला गेली आणि आयसिसमध्ये पोचली. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' ॲपवर मुस्लिम बायकांचे फोटो 'लिलावाला' लावले, तेव्हा मुंबई पोलिसांनी पहिल्यांदा पकडला तो बंगळुरूत इंजिनीअरिंग शिकणारा २१ वर्षांचा मुलगा. पाठोपाठ उत्तराखंडची एक मुलगीही, जेमतेम अठरा-एकोणीसची. त्यांच्या आयाही पडद्याच्या पलीकडे स्वयंपाक करत असतील, असं माझ्या मनात येतं.

नाक्यावरची पोरं पूर्वी काही फार सोज्वळ नव्हती. शिव्या होत्या, मारामाऱ्या होत्या, द्वेषही होता. पण नाक्यावर बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं, त्याची आई कोण ते माहीत असायचं, आणि पोरगं फार वाहवत गेलं तर व्यायामशाळेतला एखादा दादा कानाखाली द्यायचा. मोबाइलमधल्या माणसाला ना घर, ना आई. आणि त्या खोलीत पोराला स्वतःची म्हणून जागा एकच, इयरफोनमधली.

म्हणून मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. काढून घेतला तर तो मित्राच्या मोबाइलवर बघेल, आणि आपल्याशी बोलणं मात्र बंद करेल. भरतीत नापास झाला त्या दिवशी आम्ही त्याला "पुढच्या वेळी होईल" म्हणून जेवायला वाढलं आणि विषय संपवला. त्याला रडायचं होतं. ते एका व्हिडिओवाल्याने ओळखलं, आम्ही नाही.

भाचा पूर्ण बदललाय असं मी म्हणणार नाही. अजूनही मधेच असं काही बोलतो की पोटात गोळा येतो. पण गेल्या रविवारी एक व्हिडिओ पुढे करून म्हणाला, "मावशी, हे खरं आहे का बघ ना." अर्धा तास शोधलं. दुसऱ्याच देशातली जुनी क्लिप निघाली.

मग हळूच म्हणाला, "खालच्या गल्लीतले ते दोघंपण हेच बघतात."

त्या दोघांच्या आयांना मी ओळखते. उद्या संध्याकाळी जाणार आहे.