पोपच्या धुराची साक्ष काढू नका

२०२५च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे निवडून आले, तेव्हापासून सांगलीचा आमचा दादा एकच पालुपद लावून बसलाय : "पोप आजही कागदावर निवडतात, मग आपल्यालाच मतपत्रिका का नको?" २०२४च्या विधानसभेच्या निकालानंतर ईव्हीएमचा, म्हणजे मतदान यंत्राचा, वाद घरोघरी शिरला. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीकरांनी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि पोलिसांनी ते होऊ दिलं नाही, तेव्हा तो आणखी पेटला. आता त्यात व्हॅटिकन आलंय. काकांचं म्हणणं उलटं, की धूर सोडून निकाल कळवणाऱ्यांकडून आपण काय शिकायचं! मी रोममध्ये राहते म्हणून दोघंही मलाच साक्षीला उभं करतात. मला दोघांचाही राग येतो.

काका, धुराला हसू नका. मतपत्रिका जाळायच्या हा नियमच आहे, त्यामुळे धूर निघणारच. पांढरा म्हणजे पोप निवडला गेला, काळा म्हणजे अजून नाही. त्याचा रंग ओळखू यावा म्हणून २००५ पासून शेजारी दुसरी शेगडी असते. काळ्या धुरासाठी तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट, अँथ्रासीन आणि गंधक जळतं, पांढऱ्यासाठी पोटॅशियम क्लोरेट, लॅक्टोज आणि राळ. १९५८ साली धूर पांढरा की काळा यावरून चांगलाच घोळ झाला होता. आता पांढऱ्या धुराबरोबर सेंट पीटर्स चर्चच्या घंटाही वाजतात. ८ मेला संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मी तिथल्या चौकात होते. जवळच्या ओताव्हियानो मेट्रो स्टेशनवर उतरलेल्या माणसाला, वाहिन्यांच्या संपादकांना आणि राष्ट्रप्रमुखांना निकाल एकाच क्षणी कळला. आपल्याकडे निकालाच्या दिवशी सकाळी आठपासून वाहिन्या जे आकडे नाचवतात, त्याहून मला हे कितीतरी सभ्य वाटतं.

आणि दादा, तू आधी पूर्ण पद्धत समजून घे. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये, जिथे ही निवड होते, मतदार होते १३३. आपल्या राज्यात ९ कोटी ७० लाखांच्या आसपास. तिथे प्रत्येक कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारा वरिष्ठ धर्मगुरू, घडी घातलेली चिठ्ठी हात वर धरून वेदीपाशी नेतो, शपथ घेतो आणि मग ती टाकतो. मोजणारे तिघं सोडतीने निवडलेले असतात. दोघं चिठ्ठी उघडून बघतात, तिसरा नाव मोठ्याने वाचतो आणि सुईने ती दोऱ्यात ओवतो. मग दुसरे तिघं सगळं पुन्हा तपासतात. दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे या वेळी ८९. आणि त्यानंतर सगळं जाळतात, कार्डिनलांनी स्वतःपुरती केलेली टिपणंसुद्धा. तुला कागद हवा तो फेरमोजणीसाठी, आणि दाखला देतोस तो अशा निवडणुकीचा जिथे कागदच उरत नाही! बाईला मत नाही, बाहेरच्याला आत पाऊल टाकता येत नाही, काय झालं ते सांगायची मुभा नाही. ही तुला लोकशाहीसाठी हवी?

तिथलं घेण्यासारखं एकच आहे. ज्याला मतं कमी पडली, तोही त्याच खोलीत बसून एकेक नाव कानांनी ऐकतो. निकालावरचा विश्वास तिथून येतो, कागदातून नाही. आपल्याकडे २०१९ पासून दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (यंत्रातून मताची खात्री म्हणून छापून निघणाऱ्या) मोजतात. सगळ्या मोजा, हरलेल्या उमेदवाराच्या माणसांसमोर मोजा, मग लागेना का दोन दिवस जास्त. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही मागणी फेटाळली, तरी माझं मत तेच आहे. कागदाचाच दाखला हवा असेल तर इटलीचा दे. आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेत लोक न पुसणाऱ्या पेन्सिलीने कागदावर फुली मारतात आणि मतदान संपलं की तिथेच मोजणी होते.

ती शाळा मी बाहेरूनच बघत आले आहे, कारण मी इटलीची नागरिक नाही आणि मला इथे मत नाही. मत नसलेल्यांचं दुःख मला म्हणूनच कळतं. मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांनी २०१३ साली पोपच्या निवडीत मत दिलं होतं. या वेळी त्यांची ऐंशी उलटलेली, त्यामुळे गोव्याचे कार्डिनल फेर्राव यांच्यासह चार भारतीय आत गेले आणि ते बाहेर राहिले. ती बातमी वाचताना मला भरून आलं. पण त्यांना कधीतरी मत होतं, आणि वयाचा नियम सगळ्यांना सारखाच आहे.

धुरानंतर बरोबर महिन्याने, ८ आणि ९ जूनला, इथे सार्वमत झालं. माझ्यासारख्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करायला दहा वर्षं इथे राहावं लागतं, ती पाच करायची का, हा त्यातला एक प्रश्न. मतदान ३० टक्क्यांच्या आसपास झालं, निम्म्याची अट होती, विषय संपला. माझी दहा अजून भरली नाहीत. भरली तरी निळा पासपोर्ट परत करायला हात धजेल असं वाटत नाही. त्या सार्वमतात अर्जेंटिनात जन्मलेल्या, इटलीत कधी न राहिलेल्या इटालियन नागरिकाला टपालाने मत देता आलं. मला नाही. आणि सांगलीत मत द्यायचं तर परदेशातल्या भारतीयाने स्वतः केंद्रावर हजर व्हायला लागतं. आमच्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचं विधेयक लोकसभेने २०१८ साली मंजूर केलं होतं, ते राज्यसभेतून पार पडलं नाही आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबरच बाद झालं.

तेव्हा दादा, काका, यंत्र की कागद यावर तुम्ही खुशाल भांडा. मला दोन्ही चालेल. पण त्या विधेयकाचं पुढे काय झालं, हे तुमच्यापैकी एकानेही मला आजवर विचारलेलं नाही.