स्क्रोल सॉ घेताना वॉटचा आकडा बघू नका : खुलासा

लातूर-नांदेडकडच्या सुतारकाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर स्क्रोल सॉबद्दल (बारीक ब्लेड वर-खाली चालवून नक्षी कापणारं विजेचं करवत-मशीन) एक मेसेज फिरतोय : "लाकडी पोर्ट्रेट कापायचं असेल तर जास्तीत जास्त वॉटचा स्क्रोल सॉ घ्या, ब्लेड कुठलंही चालतं." हे चुकीचं आहे, आणि यात नव्या पोरांचे पैसे वाया जातात म्हणून लिहितोय.

पोर्ट्रेट आपण 3 ते 6 मिलिमीटरच्या प्लायवर कापतो. तिथं साधी मोटारही पुरते. खरा प्रश्न ब्लेडचा. डोळा, मिशीची कड, फेट्याच्या घड्या हे सगळं आतून कापायचं असतं. आधी भोक पाडून त्यातून ब्लेड ओवावं लागतं. पिनवाल्या ब्लेडला (टोकांना आडवी पिन असते) साधारण 5 मिलिमीटरचं भोक लागतं. तेवढ्यात डोळ्याची बाहुलीच जाते! बिनपिनचं बारीक ब्लेड दीड मिलिमीटरच्या भोकातून आरामात जातं. म्हणून बिनपिनचं ब्लेड धरणारं क्लॅम्प आहे का, हे दुकानात स्वतः लावून बघा. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे, हेही तितकंच गरजेचं.

16 इंची मशीन (म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत 16 इंच जागा असलेलं) लहान पडतं, हेही खरं नाही. ए-फोर कागदाचा कर्ण साडेचौदा इंचाच्या आतच भरतो, म्हणजे तेवढं पोर्ट्रेट त्यात कसंही फिरतं.