‘डोंगर बायकांसाठी नाहीत’ या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

पावसाळा सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर हा मेसेज येतोच. शब्द बदलतात पण म्हणणं तेच, की बाईचं शरीर डोंगर चढायला बनलेलं नाही, पाळीत तर अजिबात जाऊ नये कारण अंग बाहेर येतं आणि वासाने जनावरं येतात, मूल झालेल्या बाईने जीव धोक्यात घालणं हा स्वार्थ आहे, ग्रुपमध्ये बायका असल्या की बाकीच्यांच्या गळ्यात लोढणं पडतं, आणि हे आपल्या संस्कृतीतलं नाहीच, बाहेरून आलेलं फॅड आहे. पाठवणारे बहुतेक वेळा आपलेच काका-मामा असतात, कधी मावशीसुद्धा, आणि त्यांची काळजी खरी असते हे मला मान्य आहे. पण ह्या एका मेसेजवरून कुठल्यातरी घरात कुणाचं तरी राजगडला जाणं कॅन्सल होतं, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा शरीराचा. सरासरी पुरुषाच्या अंगात, खास करून खांद्यादंडात, सरासरी बाईपेक्षा जास्त ताकद असते हे खरंय, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण डोंगरात कुणी कुस्ती लावत नाही, तिथे लागतो दम, पायाखालचा दगड बघून पाऊल टाकायची सवय, पाणी पुरवून प्यायची अक्कल आणि कंटाळा आला तरी चालत राहायची चिकाटी, आणि ह्यातली कुठलीच गोष्ट फक्त पुरुषाला जन्मतः मिळते असं नाही.

जपानच्या जुन्को ताबेई जेमतेम पाच फूट उंचीच्या होत्या. १९६९ मध्ये त्यांनी बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला आणि एव्हरेस्टसाठी पैसे जमवायला कंपन्यांकडे गेल्या तेव्हा त्यांना ऐकवलं गेलं की बायकांना हे जमणार नाही, त्यापेक्षा घरी मुलं सांभाळा. म्हणजे आपल्या फॉरवर्डमधलंच वाक्य, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. मग त्या बायकांनी गाडीच्या सीट कव्हरमधून हातमोज्यांवर घालायचे मोजे शिवले, स्लीपिंग बॅगा घरी बनवल्या, ताबेईंनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या. ४ मे १९७५ ला कॅम्प दोनवर झोपलेल्या असताना हिमस्खलन झालं, त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा काही मिनिटं बेशुद्ध होत्या. आणि १६ मेला, म्हणजे बारा दिवसांनी, त्या एव्हरेस्टच्या माथ्यावर होत्या, तिथे पोचलेली जगातली पहिली बाई. तेव्हा घरी त्यांची लहान मुलगी होती.

कुणी म्हणेल ठीक आहे, बाई पोचली, पण पुरुषांच्या मागून. तर अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये एल कॅपिटान नावाचा सुमारे नऊशे मीटरचा सरळसोट कडा आहे, त्यावरची ‘नोज’ नावाची वाट १९९३ मध्ये लिन हिलने मोकळ्या चढाईने पूर्ण केली, म्हणजे दोर फक्त पडलं तर सावरायला, चढायचं स्वतःच्या हातापायांनी. तोपर्यंत हे कुठल्याच माणसाला जमलं नव्हतं, पुरुषालाही नाही, आणि पुढच्या वर्षी तिने तेच एका दिवसाच्या आत करून दाखवलं. पाण्यात बघायचं तर गर्ट्रूड एडर्लीने १९२६ मध्ये इंग्लिश खाडी साडेचौदा तासांच्या आसपास पोहून पार केली, आधी पाच पुरुष पार करून गेले होते आणि त्यातल्या सगळ्यात वेगवान पुरुषापेक्षा ती जवळजवळ दोन तास लवकर पोचली. आणि आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते, सह्याद्रीत पाय तयार झालेली मुलगी, २०२१ मध्ये अन्नपूर्णेवर आणि २०२२ मध्ये कांचनजुंगावर गेली आणि आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं करणारी पहिली भारतीय बाई ठरली.

आता पाळी आणि गर्भाशय. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो कारण यात भीती घातलेली आहे आणि ती वैद्यकीय भाषेत घातलेली आहे. बायका लांब पळाल्या तर गर्भाशय खाली येईल असं परदेशातही बोललं जायचं. १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर पळत असताना एका अधिकाऱ्याने तिला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला होता, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ ला. त्यानंतर जगभर लाखो बायका पळाल्या, चढल्या, आणि तसलं काही झालं नाही. अंग बाहेर येण्यामागे कारणं असतात ती म्हणजे लागोपाठची आणि अवघड बाळंतपणं, वाढतं वय, जुना खोकला, बद्धकोष्ठता, आणि बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलणं. हे शेवटचं नीट वाचा. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे आणि सरपणाचे भारे देणाऱ्या घरात ही काळजी कुणी फॉरवर्ड करत नाही, आणि शेतात वाकून लावणी करणाऱ्या बाईला दर महिन्याला पाळीत सुट्टी द्या असाही मेसेज मी अजून पाहिला नाही.

जनावरांचं म्हणाल तर तसलीच भीती अमेरिकेतही होती. १९६७ मध्ये तिथल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये एकाच रात्री दोन तरुणी अस्वलांच्या हल्ल्यात मेल्या आणि पाळीच्या वासाने अस्वलं आली अशी चर्चा पसरली, पण खरं कारण असं की तिथली अस्वलं माणसांच्या कचऱ्याला आणि उरलेल्या खाण्याला सोकावलेली होती. पुढे अभ्यास झाले, त्यात तिथल्या ग्रिझली जातीच्या अस्वलांचा आणि पाळीचा संबंध काही सापडला नाही. सह्याद्रीत तर ग्रिझली नाहीतच. पोटात खूप दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल तर ती स्वतःच नको म्हणेल, तिला कळतं, आणि प्रेग्नंट असेल तर डॉक्टरला विचारून ठरवावं. बाकी सुके पॅड, वापरलेले परत आणायला झिपची पिशवी, हात धुवायला थोडं जास्तीचं पाणी, झालं.

आईपणाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही कारण धोका खरा असतो. अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज ही ब्रिटिश गिर्यारोहक मे १९९५ मध्ये सिलिंडरच्या ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढली आणि त्याच ऑगस्टमध्ये केटू या हिमालयातल्यासारख्याच अतिउंच शिखरावरून उतरताना वादळात गेली, घरी दोन लहान मुलं होती. त्या वादळात इतर गिर्यारोहकही गेले, पण पेपरांनी खटला चालवला तो हिच्या आईपणावर. मुलं मागे ठेवून डोंगरावर मेलेल्या बापाला आपण शूर म्हणतो, पुतळे उभारतो, आणि आईला बेजबाबदार म्हणतो. धोक्याबद्दल बोलायचं तर दोघांशी बोला. आणि गडावर जाणं म्हणजे केटू नाही, हेही लक्षात घ्या. मूल झालं की शरीर संपलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी जॅस्मिन पॅरिस, जानेवारी २०१९, ब्रिटनमधली स्पाइन रेस ही धावण्याची शर्यत, थंडीवाऱ्यात सुमारे ४३० किलोमीटर, मुलगी चौदा महिन्यांची, वाटेतल्या थांब्यांवर ती पंपाने दूध काढत होती, आणि ८३ तास १२ मिनिटांत ती रेस जिंकली, बायकांची नाही, सगळ्यांचीच. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल दोन मुली मोठ्या झाल्यावर या वाटेला लागल्या आणि २०११ मध्ये ४८ व्या वर्षी एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या.

लोढण्याबद्दल फार लिहीत नाही. हळू चालणारे दोन्हीकडे असतात आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या वेगाने ग्रुप नेणं हे लीडरचं कामच आहे. सबंध क्रू बायकांचा असेल तर काय होतं ते गोव्याने पाहिलंय, नौदलाच्या सहा अधिकारी वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली आयएनएसव्ही तारिणी ही शिडाची बोट घेऊन सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या, फ्रीमँटल, लिटल्टन, फॉकलंड्सचं पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन करत, केप हॉर्नला वळसा घालून, २५४ दिवसांनी मे २०१८ मध्ये परत आल्या. ही बोटसुद्धा गोव्यातच बांधलेली. नंतर त्याच बोटीवर नौदलाच्याच दिलना आणि रूपा या फक्त दोघीजणी ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या.

राहिली संस्कृती. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे, मध्ये दिवेघाट आहे, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पावसात तो घाट चढणाऱ्या साठी-सत्तरीच्या आज्या आपण दरवर्षी टीव्हीवर बघतो आणि हात जोडतो. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच डोंगर, नावच बाईचं, नवरात्रात बारी गावाकडून बायका साडीत वर देवीला जातात. रायगडावर हिरकणी बुरूज आहे, रात्रीच्या अंधारात कडा उतरणाऱ्या गवळणीची गोष्ट आपण पोरांना कौतुकाने सांगतो. शीतल महाजन २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारून आल्या, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावरही त्यांनी उडी मारलेली आहे, पद्मश्री मिळालेली आहे. मग संस्कृतीत नाही म्हणजे नेमकं काय नाही? देवासाठी चढलेली चालते, पाण्यासाठी, पोरासाठी, दूध विकायला चढलेली चालते, शरीराचा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नाही. तीच बाई रविवारी स्वतःला आवडतं म्हणून मैत्रिणींबरोबर हरिहर गडाच्या पायऱ्या चढली की सगळ्यांना तिचं शरीर आठवतं. हरकत चढण्याला नाहीच, तिने स्वतःसाठी चढण्याला आहे, आणि हे एकदा मोकळेपणाने बोलू या म्हणजे डॉक्टरी कारणं शोधावी लागणार नाहीत.

आणि शरीराची खरोखर काळजी असेल तर ती करायला भरपूर वाव आहे. एनएफएचएस-५ या सरकारी पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघाला. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, म्हणजे चढावर छाती भरून येणार, आणि ती बाई असल्यामुळे नाही, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाल्ल्यामुळे, पाळीत गेलेलं लोह कधी भरून न काढल्यामुळे. घरातली पोरगी किंवा सून किंवा आई ट्रेकला जाते म्हणाली तर तिची सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, कमी आलं तर डॉक्टरला दाखवून गोळ्या सुरू करा, दोन-तीन महिने जवळच्या टेकडीवर रोज जाऊ द्या, घरचं काम तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी उचला. आणि तिच्या पायातले बूट बघा, भावाला ग्रिपवाले चांगले बूट घेतलेले असतात आणि ही कॉलेजच्या घसरत्या सँडलवर निघते, तर आधी तिला तिच्या मापाचे बूट घेऊन द्या.