वर्तुळात पिशवी, सावलीत आपण

पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण आली की वाणसामान भरायला तुम्हालाच पिटाळणार आहेत. तेव्हा अनुभवी माणसाचं ऐकून ठेवा. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं मी पुण्यात काढली, आणि त्यातली बरीचशी वाण्याच्या दुकानासमोर.

आधी वेळेचं बघू. टाळेबंदी जाहीर करतात ती लोकांनी घरात बसावं म्हणून, असा भाबडा समज अजूनही आहे. अहो, ती बाहेर पडायची घंटा असते. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले, रात्री बारापासून २१ दिवस देश बंद म्हणाले, आणि ज्याने ते भाषण शेवटपर्यंत बसून ऐकलं त्याला साखर मिळाली नाही. आमच्या इमारतीतल्या जाणत्या मंडळींनी 'रात्री बारा' एवढंच कानावर पडताच पायात चपला सरकवल्या. घराच्या दाराशी लक्ष्मणरेषा ओढली आहे, हे पुढचं वाक्य त्यांनी जिना उतरता उतरता दुसऱ्यांच्या टीव्हीवर ऐकलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मला गाठी मिळाली, तीही अर्धी तुटकी, आणि तेवढ्यावर आमची गुढी उभी राहिली.

काय घ्यायचं ते घरून ठरवून जाऊ नका. घरून ठरवलं की हिशेब होतो, हिशेब झाला की चौघांना २१ दिवसांत किती तूरडाळ लागते ते कळतं, आणि मग खरेदीत राम उरत नाही. त्यापेक्षा पुढच्या माणसाच्या पिशवीवर नजर ठेवा. माझ्या पुढच्या गृहस्थांनी पाच किलो साबुदाणा घेतला. त्यांना कुठून तरी आतली बातमी लागलेली दिसते, असं म्हणून मीही पाच किलो घेतला. आमच्या घरात उपास कोणीच करत नाही. पुढे ओळख वाढल्यावर कळलं, त्यांच्या पुढच्याने घेतला म्हणून त्यांनी घेतला होता.

दहा किलो रवा मात्र मी स्वतःच्या बुद्धीने घेतला. पहिल्या पावसानंतर डबा उघडला तर आत हा जमाव! पाच जणांनी एकत्र यायचं नाही असे ते दिवस, पण सोनकिड्यांना १४४ कलम कोण वाचून दाखवणार? ग्रुपवर 'दहा किलो रवा, घरपोच, फुकट' असं टाकलं, तर तीन घरांतून 'आमच्याकडचाही घ्या' अशी उत्तरं आली.

आता मुख्य विषय, रांग. दुकानासमोर वर्तुळं आखलेली असतील. आमच्याकडे आधी खडूची होती, मग ऑइलपेंटची झाली. साथ लांबणार हे आम्हाला त्यावरूनच कळलं. या वर्तुळात आपण उभं राहायचं नसतं. ऊन लागतं. वर्तुळात पिशवी ठेवायची, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवायचा, आणि आपण समोरच्या बंद झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली जाऊन उभं राहायचं. सावली तेवढीच असते, त्यामुळे बाकीचेही तिथेच असतात. एका सकाळी मी मोजलं होतं. रस्त्यावर अकरा कापडी पिशव्या, एकमेकींपासून सहा-सहा फुटांवर, शिस्तीत, एकही खोकत नव्हती. आणि पत्र्याखाली त्यांचे अकरा मालक खांद्याला खांदा भिडवून 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' या विषयावर तावातावाने बोलत होते. शेवटपर्यंत एकाही पिशवीला लागण झाली नाही, हे नमूद केलं पाहिजे.

नंबर आला की मास्क हनुवटीवर घ्या. मास्कमधून मूगडाळ मागितली की वाण्याला तूरडाळ ऐकू येते, आणि एकदा मोजलेलं तो परत घेत नाही. मास्क हा गप्प बसताना लावायचा असतो. बोलताना, खोकताना आणि शिंकताना तो आड येतो. चांगल्या मास्कला शिंक लागून तो खराब करण्यात काय अर्थ आहे?

आमचे शेठ स्वतः फार काळजी घ्यायचे. दुकानाला आडवी दोरी, दोरीमागे टेबल, टेबलावर सॅनिटायझर. २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपयांच्या वर विकायची नाही असं केंद्र सरकारने मार्चमध्येच बजावलं होतं, आणि शेठच्या बाटलीवरची किंमत नेमकी तेवढीच पुसली गेली होती. गिऱ्हाइकाच्या तळहातावर दोन थेंब, तीर्थासारखे. पैसे हातात घ्यायचे नाहीत. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. डबा ते पट्टीने ओढून घेत, नोटांवर फवारा मारत, पंख्याखाली धरत. मग मास्क खाली करून अंगठा जिभेला लावत आणि नोटा मोजत. मग प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड सुटेना म्हणून अंगठा पुन्हा जिभेला. मग त्या पिशवीत माझे शेंगदाणे. एवढं शास्त्रशुद्ध काम मी दुसरीकडे पाहिलं नाही.

भाजीवाल्यांकडे थोडं सैल असलं तरी चालतं. 'हात लावू नका' अशी पाटी असते. ती मागच्या माणसासाठी असते. आपण भेंडीचं टोक मोडून बघायचं, कलिंगड कानाशी धरून वाजवायचं, कोथिंबिरीची जुडी मास्क बाजूला सारून हुंगायची, पसंत पडली नाही तर परत ठेवायची आणि खालची उचलायची. एकाच जुडीवर सात नाकं टेकलेली मी पाहिली आहेत. आठवं माझं होतं.

घरी आल्यावर मात्र हयगय नको. दारातच सगळं धुवायला काढायचं. प्लॅस्टिकवर विषाणू ७२ तास टिकतो असं फोनवर आल्यापासून आमच्या गॅलरीत पिशव्यांचं विलगीकरण सुरू झालं. दूध तीन दिवस थांबू शकत नाही, म्हणून त्याची पिशवी साबणाने २० सेकंद. बिस्किटांचे पुडे धुऊन चिमट्यांनी दोरीवर वाळत. मेथी भांड्यांच्या साबणात बुचकळली, तर संध्याकाळच्या भाजीला फेस आला. सौ. म्हणाली, हल्ली मेथीत काय फवारतात कुणास ठाऊक! सगळं धुऊन झालं की दमून खुर्चीत बसायचं आणि दुकानात, रांगेत, भाजीवाल्याच्या टोपलीवर जो ठेवला होता तो मोबाइल गालाला लावून बहिणीला फोन करायचा.

या सगळ्याचा कळस बघायचा असेल तर जुलै २०२० चं पुणं आठवा. रुग्ण वाढले, गर्दी फार होते आहे म्हणून शुक्रवारी १० तारखेला पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी दहा दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. पहिले पाच दिवस किराणाही बंद. दूध आणि औषधं तेवढी चालू. अंमल सोमवारी मध्यरात्रीपासून. म्हणजे गर्दी होऊ नये यासाठी गर्दीला शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन पूर्ण दिवस दिले गेले, आणि आम्ही ते वाया घालवले नाहीत. मी स्वतः दोनदा गेलो. पहिल्यांदा सामान आणायला, दुसऱ्यांदा काही राहिलंय का ते बघायला. वर्तुळं दिसतच नव्हती, त्यांच्यावर माणसं उभी होती. पाच दिवसांनी १९ जुलैला दुकानं उघडली तो रविवार, आणि सोमवारी आषाढी अमावस्या. श्रावण तोंडावर आलेला. त्या दिवशी चिकनच्या दुकानापुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलं असेलच. मी शेवटून नववा होतो.

आता जरा अंतराविषयी बोलू. सोशल डिस्टन्सिंग या शब्दाला शहाण्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. जागतिक आरोग्य संघटनाही मार्च २०२० मध्येच 'फिजिकल' म्हणू लागली. अंतर शरीरांत ठेवा, माणसांत नको, असं तिचं म्हणणं. आपल्याला पहिलाच शब्द जवळचा वाटला. शारीरिक अंतर म्हणजे नवी कटकट, फुटपट्टी घेऊन मोजायचं. सामाजिक अंतर घरचं आहे, पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेलं. म्हणून तर सोसायटीची नियमावली एका संध्याकाळी तयार झाली: कामवाल्या बायकांनी यायचं नाही, यायला लागल्या की लिफ्ट वापरायची नाही. घरपोच सामान देणाऱ्यांनी गेटबाहेरच्या टेबलावर पिशवी ठेवायची. पाणी मागितलं तर वॉचमनने स्वतःच्या बाटलीतलं द्यायचं. हे सगळं ठरवायला पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटभोवती आम्ही चौदा जण जमलो होतो. एकच पेन होतं, सह्यांसाठी ते सगळ्यांच्या हातातून फिरलं, आणि एकाने विचार करता करता ते दातात धरलं.

तुम्हीही हेच सूत्र धरून चला. आपल्यासारखा दिसणारा, आपल्या ओळखीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस असेल तर त्याला काही झालेलं नसतं. त्याच्याशी खेटून बोलावं. सायकलवरून आलेल्याला झालेलं असतं.

एप्रिलमध्ये मार्केट यार्ड बंद पडलं तेव्हा शेतकरी टेम्पो भरून थेट सोसायट्यांच्या गेटवर आले. मिश्र भाजीची तयार पिशवी, द्राक्षं, पुढे कोकणातून हापूसच्या पेट्या. अशा वेळी भाव करायला विसरू नका. समोरच्याचा माल आज गेला नाही तर उद्या सडणार आहे, असा योग पुन्हा पुन्हा येत नाही. आमच्याकडे एका निवृत्त गृहस्थांनी पिशवीमागे तीस रुपये पाडून घेतले आणि लगेच ग्रुपवर शेतकऱ्याला दोन हात जोडलेलं चित्र टाकलं. पिशवीत दुधी हमखास असायचा. तो कोणालाच नको असायचा. मग सगळे दुधी वॉचमनच्या खोलीत जमायचे आणि आम्हाला दानाचं पुण्य लागायचं. शेवटी वॉचमननेच विचारलं, साहेब, कांदे देता का कोणी?

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, किराणा सकाळी सात ते अकरा एवढाच उघडा राहणार असं ठरलं. दिवसभराची गर्दी चार तासांत नीट बसवण्याची कल्पना कोणाची ते ठाऊक नाही, पण ती बसली. मी तोवर वयाचं कारण काढून घरपोच सामान मागवायला लागलो होतो. तुम्हीही तेच करा. सामान आल्याचा फोन आला की लगेच खाली जाऊ नये, घाई दिसते. मी दहा मिनिटांनी गेलो. गेटबाहेर उन्हात एक विशीतला पोरगा उभा होता, मास्क नाकावर, पाठीवर मोठी पिशवी. याच लोकांसाठीही आदल्या वर्षी २२ मार्चला पाच वाजता मी गॅलरीत थाळी वाजवली होती, स्टीलची; अजून तिच्या काठाला पोचा आहे. मला बघून त्याने सामान टेबलावर ठेवलं आणि मी काही बोलायच्या आत मोजून सहा फूट मागे सरकला. तिथे वर्तुळ नव्हतं, सावलीही नव्हती. बिल ४९८ झालं होतं. मी पाचशेची नोट दगडाखाली ठेवली.

दोन रुपये सोडू नका. फक्त हातात घेऊ नका, टेबलावर ठेवायला सांगा.